मी तर काहीच पुसलं नाही, मग टेबलात मेलेल्या ओळी आल्या कुठून?



अकरावी-बारावीला आयटी घेतलेली मुलं डेटाबेस शिकतात. टेबल बनवायचं, ओळी भरायच्या, ओळी शोधायच्या, इथवर पुस्तकात असतं. पुढे यातलीच काही मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला लागतात आणि एक दिवस त्यांना एक आकडा दिसतो, ज्याबद्दल वर्गात कुणी बोललेलं नसतं. तो म्हणजे 'डेड रो', मेलेल्या ओळी. प्रश्न साधारण सारखाच असतो : "सर, या टेबलात आम्ही फक्त नवीन नोंदी टाकतो. डिलीट कधीच करत नाही. तरी हजारो मृत ओळी दाखवतंय. आल्या कुठून?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर समजलं की डेटाबेस आतून कसा चालतो यातला अर्धा भाग समजतो. ज्यांच्या शाळेची हजेरी, फी, निकाल सगळं आता संगणकावर आहे, त्या मुख्याध्यापकांना आणि पालकांनाही हे माहीत असलेलं बरं. "सर्व्हर स्लो आहे" असं सांगून लोकांना रांगेत उभं केलं जातं, तेव्हा कधी कधी त्यामागे हेच कारण असतं.

मी इथे पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल लिहितो आहे. तो फुकट मिळतो, शाळेच्या जुन्या संगणकावरही चालतो आणि मृत ओळींचा प्रश्न त्याच्यातच सर्वांत स्पष्ट दिसतो. कमांड आणि नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

आधी सातबारा आठवा

आपल्याकडे सातबारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. महाड-पोलादपुरात घरटी एखादी तरी वाटणी, वारसनोंद किंवा खरेदीखत झालेलं असतं. हस्तलिखित सातबारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, जमीन आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आली की तलाठी आजोबांचं नाव खोडरबराने पुसत नसत. जुन्या नावाला कंस करायचे, खाली नवीन नाव लिहायचे आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकायचे. नाव कागदावर राहायचं, पण ते चालू नाही हे वाचणाऱ्याला कंसावरून कळायचं. शाळेच्या जनरल रजिस्टरचंही तसंच. तिथे खाडाखोड चालत नाही. मुलाने शाळा सोडली तरी त्याची ओळ तशीच राहते, फक्त शेवटच्या रकान्यांत तारीख आणि कारण येतं.

पोस्टग्रेस नेमकं हेच करतो. तुम्ही एखादी ओळ 'अपडेट' केलीत की तो जुनी ओळ जागच्या जागी बदलत नाही. जुनीला कंस करतो आणि नवीन ओळ वेगळ्या जागेवर लिहितो. प्रत्येक ओळीबरोबर दोन लपलेले रकाने असतात, 'एक्समिन' आणि 'एक्समॅक्स'. ही ओळ कोणत्या व्यवहाराने जन्माला घातली ते पहिल्यात, आणि कोणत्या व्यवहाराने तिला कंस केला ते दुसऱ्यात. फेरफाराचा नंबरच समजा. 'डिलीट' केलंत तरी फक्त दुसरा रकाना भरला जातो, ओळ डिस्कवर तशीच पडून असते.

म्हणजे इथे 'मृत ओळ' याचा अर्थ ओळीची जुनी प्रत, जी आता कुणालाच लागणार नाही. एक गल्लत मात्र टाळा. २०२५ मध्ये महसूल विभागाने 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. तिथे प्रश्न होता मयत खातेदारांची नावं सातबाऱ्यावर चालू राहण्याचा. ती मेलेल्या माणसाची जिवंत ओळ. आपण बोलतोय ते उलट, जिवंत माणसाच्या मेलेल्या ओळींबद्दल. पहिला दोष माहितीचा आहे आणि तो माणसानेच दुरुस्त करायचा. दुसरा हा डेटाबेसच्या कामाचा रोजचा केरकचरा आहे.

पण लगेच का नाही पुसत?

मुलं हे विचारतातच. कारण त्या क्षणी दुसरं कुणी ती जुनी ओळ वाचत असू शकतं.

समजा कार्यालयात एक क्लार्क पूर्ण वर्षाच्या फीचा अहवाल काढतो आहे, त्याला दहा मिनिटं लागणार आहेत. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीवर पालक फी भरताहेत. अहवाल अर्धा झाला असताना ओळी बदलत गेल्या तर बेरीज धड सकाळची नाही, धड दुपारची नाही अशी होईल. म्हणून डेटाबेस अहवालवाल्याला सुरुवातीच्या क्षणाचं चित्र दाखवत राहतो आणि फी घेणाऱ्याला नवीन. दोघांपैकी कुणालाही थांबावं लागत नाही. दोघांना दोन चित्रं दाखवायची तर दोन्ही प्रती जपून ठेवाव्याच लागतात.

सगळे डेटाबेस जुनी प्रत त्याच टेबलात ठेवत नाहीत. ओरॅकल आणि मायएसक्यूएलचं इनोडीबी जुनी प्रत वेगळ्या 'अनडू' जागेत ठेवतात. पोस्टग्रेसने ती टेबलातच ठेवली याला इतिहास आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा काहीही न पुसता साठवायचं ही मूळ कल्पनाच होती. गेल्या महिन्यातला डेटाबेस जसाच्या तसा बघता यावा, अशी सोय त्यात होती. जुन्या प्रती वेगळ्या साठ्यात हलवणारा एक झाडूवाला प्रोग्राम त्यांनी योजला होता, त्याचं नाव 'व्हॅक्यूम क्लीनर'. पुढे मागच्या काळात जाऊन बघण्याची ती सोय काढून टाकली, झाडू मात्र राहिला. आजही कमांडचं नाव 'व्हॅक्यूम'च आहे. स्टोनब्रेकर यांना २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, म्हणजे संगणकशास्त्रातलं नोबेलच.

आता मूळ प्रश्न : फक्त इन्सर्ट, तरीही मृत ओळी

समजा हजेरीचं एक टेबल आहे. शिक्षक मोबाइलवरून वर्गाची हजेरी पाठवतात, ४५ मुलांच्या ४५ ओळी एकाच व्यवहारात. डिलीट नाही, अपडेट नाही. तरी आकडा वाढतोय. कुठे बघायचं?

'पीजी_स्टॅट_युजर_टेबल्स' नावाचा एक तयार तक्ता आहे. त्यात टेबलागणिक किती इन्सर्ट, किती अपडेट, किती डिलीट झाले आणि अंदाजे किती ओळी जिवंत, किती मृत, ते मिळतं. पहिली नजर मृत ओळींवर टाकू नका, ती सगळेच टाकतात. अपडेट आणि डिलीटच्या आकड्यांकडे बघा. तपास कोणत्या दिशेला न्यायचा ते तिथेच ठरतं.

अपडेट आणि डिलीट दोन्ही शून्य, पण इन्सर्टचा आकडा जिवंत ओळींपेक्षा बराच मोठा, असं असेल तर संशय एकावरच : अर्ध्यात फसलेले व्यवहार. डोंगरातल्या शाळांना हे वेगळं सांगायला नको. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीत पावसाळ्यात रेंज येते-जाते. शिक्षकांनी 'पाठवा' दाबलं, ४४ ओळी सर्व्हरवर लिहून झाल्या आणि लाइन तुटली. डेटाबेस संपूर्ण व्यवहार रद्द करतो, आणि ते बरोबरच आहे, अर्ध्या वर्गाची हजेरी कुणाला हवी? पण रद्द करणं म्हणजे लिहिलेलं पुसणं नव्हे. 'हा व्यवहार फसला' एवढी एक खूण वेगळ्या वहीत होते, बस. त्या ४४ ओळी टेबलात जिथे लिहिल्या गेल्या तिथेच पडून राहतात, जन्मतःच मृत. शिक्षक पुन्हा दाबतात, पुन्हा ४४. तिसऱ्यांदा काम होतं. ४५ जिवंत ओळींमागे ८८ मृत, आणि कुणीही काहीही डिलीट केलेलं नाही!

इन्सर्टचा आकडा मोठा का दिसतो तेही यातच आलं. तो प्रयत्न मोजतो, यश मोजत नाही.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे दुबार नोंद. एका मुलाची एका दिवशी एकच हजेरी असावी म्हणून आपण 'युनिक'चं बंधन घालतो. ॲपने तीच नोंद दुसऱ्यांदा पाठवली तर डेटाबेस 'एरर' देतो. पण पोस्टग्रेस ओळ आधी टेबलात लिहितो आणि मग अनुक्रमणिकेत, म्हणजे इंडेक्समध्ये तपासतो. तिथे आधीची नोंद सापडली की व्यवहार फसतो, आणि लिहिलेली ओळ मृत होऊन राहते. म्हणून "असू दे, एरर आली तर ॲप दुर्लक्ष करेल" या भरवशावर बांधलेलं सॉफ्टवेअर रोज केर पाडत असतं. त्याऐवजी 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' असं लिहिलं तर डेटाबेस आधी बघतो आणि मग लिहायचं की नाही ते ठरवतो. केर जवळजवळ होतच नाही.

या फसलेल्या इन्सर्टचा एक बाहेर दिसणारा पुरावाही असतो. पावतीला किंवा नोंदीला आपोआप पुढचा क्रमांक मिळत असेल तर फसलेल्या व्यवहाराने घेतलेला क्रमांक परत येत नाही. २१७ नंतर एकदम २२१. पालक विचारतात, मधल्या पावत्या कुणी गायब केल्या? बहुतेक वेळा कुणीच नाही. अर्थात हिशेबाच्या पावतीसाठी असा आपोआप क्रमांक वापरूच नये असं माझं मत आहे, पण तो विषय वेगळा.

आता दुसरी दिशा. अपडेटचा आकडा शून्य नसेल, तर "आम्ही अपडेट करत नाही" हे म्हणणारा खोटं बोलतोय असं नाही, त्याला ठाऊक नाही एवढंच. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह' बटण असतं. बटण दाबलं की पडद्यावरच्या सगळ्या ओळी परत लिहिल्या जातात, एक बदललेली असो वा एकही नसो. इथे मुलांचा हमखास गोंधळ होतो. 'हजर'च्या जागी परत 'हजर' लिहिलं, किंमत तीच राहिली, तर काहीच झालं नाही ना? झालं. पोस्टग्रेस जुनी आणि नवी किंमत सारखी आहे का ते स्वतःहून बघत बसत नाही. जुन्या ओळीला कंस, खाली नवीन ओळ, अक्षरन् अक्षर तीच. दिवसातून चार वेळा सेव्ह करायची सवय असलेल्या शिक्षकामागे ४५ गुणिले ४. उपाय साधा आहे : किंमत खरंच वेगळी असेल तरच अपडेट कर, अशी अट प्रश्नातच घालायची.

'असेल तर बदल, नसेल तर टाक' या पद्धतीचा इन्सर्टही, म्हणजे 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट', वरून इन्सर्ट दिसतो आणि आतून अपडेट असतो. शिवाय ट्रिगर आणि परकीय चावीचे साखळी-बदल असतात. तुकडीचा कोड एका टेबलात बदलला की तो वापरणाऱ्या दुसऱ्या टेबलातल्या हजारो ओळी आपोआप बदलू शकतात. हे कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लावून ठेवलेलं असतं आणि तो माणूस आता नोकरीत नसतो.

एक गोष्ट मात्र तपासाच्या सुरुवातीलाच लक्षात ठेवा. या तक्त्यातला मृत ओळींचा आकडा अंदाज आहे, शिरगणती नाही. मोठ्या टेबलात तो नमुना घेऊन काढलेला असतो, आणि सर्व्हर अचानक बंद पडून उठला तर हे आकडे शून्यापासून मोजायला लागतात. नेमका आकडा हवाच असेल तर 'पीजीस्टॅटटपल' हे जोडसाधन टेबल वाचून मोजून देतं. मोठ्या टेबलावर वेळ लागतो, शाळा सुटल्यावर चालवा.

झाडू मारला तरी केर हलत नाही

पोस्टग्रेसमध्ये झाडू आपोआप मारला जातो. त्याला 'ऑटोव्हॅक्यूम' म्हणतात. २००५ च्या ८.१ आवृत्तीपासून तो आत आला आणि २००८ च्या ८.३ पासून न सांगता चालू असतो. तो साधारण दर मिनिटाला उठतो आणि कोणत्या टेबलात केर फार झालाय ते बघतो. 'फार' म्हणजे किती? मुळातला नियम असा : ५० अधिक टेबलातल्या ओळींचे २० टक्के.

हा नियम मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्या. १०० ओळींच्या टेबलाला मर्यादा येते ७०. एक कोटी ओळींच्या टेबलाला येते २० लाख ५०. म्हणजे मोठ्या टेबलात १५ लाख मृत ओळी दिसल्या तर तो बिघाड नाहीच, झाडूवाल्याची वेळ अजून झालेली नाही एवढंच. अशा टेबलापुरतं २० टक्क्यांचं २ टक्के करता येतं. निम्म्या वेळा "अनपेक्षित मृत ओळी" या तक्रारीचं उत्तर इथेच संपतं.

खरी काळजी दुसऱ्या प्रकाराची. झाडू फिरून गेला, वेळही नोंदली गेली, तरी आकडा तसाच. हे समजायला आपल्या गावचंच उदाहरण घेऊ.

जुलै महिन्यात महाडात प्रत्येकाचं लक्ष सावित्रीच्या पाण्याकडे असतं. २२ जुलै २०२१ चा महापूर आणि त्याच दिवशीची तळियेची दरड इथे कुणी विसरलेलं नाही. पोलादपुरावर आणि वर महाबळेश्वराच्या डोंगरात पाऊस किती झाला, यावर खाली बाजारपेठेत पाणी कधी येणार ते अवलंबून. समजा काही मुलांनी मिळून एक टेबल केलं. सावित्री, गांधारी, काळ या नद्यांवरची मिळून १० ठिकाणं, प्रत्येकाची एक ओळ, आणि दर मिनिटाला त्या ओळीतली पातळी अपडेट. टेबल केवढं? फक्त १० ओळींचं. यात काय बिघडणार?

हिशेब करा. १० ओळी, तासाला ६० अपडेट, म्हणजे तासाला ६०० मृत प्रती, दिवसाला १४,४००. एरवी काही अडचण नाही. मर्यादा ५२ ची आहे, ती पाच-सहा मिनिटांत ओलांडली जाते आणि झाडू फिरतो. शिवाय एका पानातल्या जुन्या प्रती तिथल्या तिथे आवरायची छोटी सोयही पोस्टग्रेसमध्ये आहे.

आता सकाळी ८ वाजता कुणीतरी दुसऱ्या संगणकावर 'बिगिन' म्हणून व्यवहार उघडला, एका ओळीत काहीतरी लिहिलं आणि 'कमिट' न करता चहाला गेला. खिडकी उघडीच. डेटाबेसच्या दृष्टीने तो माणूस अजून काम करतोय. तो ज्या क्षणी बसला त्यानंतर मेलेली कोणतीही प्रत कुणाला तरी लागू शकते, असं धरूनच झाडूवाल्याला चालावं लागतं. दुपारी ४ वाजता १० जिवंत ओळींच्या मागे ४,८०० मृत प्रती साठलेल्या असतात. पातळी बघणाऱ्या प्रत्येकाला त्या ढिगातून वाट काढावी लागते. आणि पुराच्या दिवशी बघणारे किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. ज्या दिवशी पान झटकन उघडायला हवं, त्याच दिवशी ते रेंगाळतं. आणि गंमत म्हणजे त्या माणसाने पातळीच्या टेबलाला हातही लावलेला नसेल. त्याच डेटाबेसमधल्या दुसऱ्याच कुठल्या टेबलात तो लिहून गेलेला असेल, तरी झाडू अडतोच.

याची खात्री कशी करायची? हाताने 'व्हॅक्यूम व्हर्बोस' चालवा. तो बोलका अहवाल देतो : इतक्या ओळी काढल्या, इतक्या मृत आहेत पण अजून काढता येत नाहीत. हा शेवटचा आकडा मोठा असेल तर झाडूवर चिडू नका, त्याला कोण अडवतंय ते शोधा. 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' या तक्त्यात कोण कधीपासून बसलंय ते दिसतं. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणजे व्यवहार उघडा ठेवून गप्प बसलेला, हा पहिला संशयित.

इथे एक बारकावा बऱ्याच ठिकाणी चुकीचा सांगितला जातो. गप्प बसलेला प्रत्येक जण अडवतोच असं नाही. नेहमीच्या 'रीड कमिटेड' पद्धतीत ज्याने फक्त वाचलं, ज्याचं वाचन संपलं आणि ज्याने काहीच लिहिलेलं नाही, तो झाडूला सहसा अडवत नाही. ज्याने काही लिहून ठेवलंय, किंवा ज्याने 'रिपीटेबल रीड' म्हणजे सुरुवातीचंच चित्र शेवटपर्यंत हवं असं सांगितलंय, तो अडवतो. तासन् तास चालणारा एखादा अहवालही अडवतो. बॅकअप घेणारा 'पीजी_डंप' असंच एक चित्र धरून बसतो, म्हणून भर कामाच्या वेळी बॅकअप नको.

उघड्या खिडक्यांत कुणीच सापडलं नाही तर दोन जागा उरतात. दुसऱ्या सर्व्हरवर नक्कल पाठवण्यासाठी लावलेला 'रेप्लिकेशन स्लॉट', ज्याच्या पलीकडचा सर्व्हर कधीचा बंद झालाय, हा एक. आणि दोन टप्प्यांत करायचे 'प्रिपेअर्ड' व्यवहार, ज्यांचा दुसरा टप्पा राहून गेला, हा दुसरा. यांच्या मागे कुणी माणूस बसलेला नसतो, सर्व्हर बंद करून चालू केला तरी ते तसेच राहतात, म्हणून ते महिनोन् महिने सापडत नाहीत.

चहाला गेलेल्या माणसाचा कायमचा बंदोबस्त करता येतो. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून अशी वेळमर्यादा घालता येते, की व्यवहार उघडा ठेवून इतकी मिनिटं गप्प बसलास तर जोडणी तोडली जाईल. शाळेच्या सर्व्हरवर ती लावावीच. माणसांना सूचना देऊन हे थांबत नाही.

फाइल लहान का होत नाही

झाडू मारला, मृत ओळी शून्य झाल्या, पण डिस्कवर टेबल पूर्वीएवढंच मोठं. ही पुढची तक्रार. साधा 'व्हॅक्यूम' जागा रिकामी करतो आणि त्याच टेबलाच्या पुढच्या ओळींसाठी राखून ठेवतो. संगणकाला ती परत देत नाही, फाइलच्या अगदी शेवटची पानं पूर्ण रिकामी झाली तरच देतो. रोजच्या कामाला हेच सोयीचं असतं.

खरंच आकसवायचं असेल तर 'व्हॅक्यूम फुल' आहे. हस्तलिखित सातबाऱ्याचं दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं, कंस केलेली जुनी नावं मागे ठेवून फक्त चालू नोंदी नव्या वहीत उतरायच्या. हे तेच. संपूर्ण टेबल नव्याने लिहिलं जातं. ते चालू असेपर्यंत त्या टेबलात कुणाला लिहिताही येत नाही आणि वाचताही येत नाही, आणि डिस्कवर नव्या प्रतीपुरती मोकळी जागा आधीच लागते. डिस्क भरत आली म्हणून घाबरून ही कमांड देणाऱ्याची डिस्क याच कमांडने भरू शकते. निकालाच्या दिवशी तर हिला हातच लावू नका.

उलट "झाडूमुळे सर्व्हर स्लो होतो" म्हणून ऑटोव्हॅक्यूमच बंद करून टाकणारेही भेटतात. हे फार वाईट. व्यवहारांचे क्रमांक ३२ बिटांचे असतात, साधारण चार अब्ज, आणि ते गोल फिरून परत येतात. झाडूवाला जुन्या ओळींवर 'ही कायमची जुनी' असा शिक्काही मारत असतो. ते काम साठत गेलं तर डेटा वाचवण्यासाठी डेटाबेस शेवटी नवीन लिखाणच थांबवतो. सेन्ट्री या कंपनीची सेवा २०१५ मध्ये आणि ईमेल पाठवणारी मँड्रिल २०१९ मध्ये याच कारणाने कोलमडली होती. दोन्हीकडे जाणकार इंजिनिअर होते.

प्रयोगशाळेत दाखवण्यासारखं

एका तासिकेत होतं. एका संगणकावर दोन खिडक्यांत पोस्टग्रेस उघडा. पहिल्या खिडकीत १० ओळींचं छोटं टेबल करा, ठिकाण आणि पातळी. ओळी वाचताना 'सीटीआयडी' हा लपलेला रकानाही मागवा. तो ओळीचा पत्ता आहे : कितवं पान, पानात कितवी जागा. एक ओळ अपडेट करून परत वाचायला लावा. पत्ता बदललेला दिसतो. "ओळ बदलली नाही, नवीन लिहिली गेली" हे दहा वाक्यांत सांगून जे पोचत नाही ते इथे एका नजरेत पोचतं.

मग ते टेबल काढून तसंच नवीन करा, म्हणजे हिशेब स्वच्छ राहील. दुसऱ्या खिडकीत 'रिपीटेबल रीड' पद्धतीचा व्यवहार उघडून टेबल एकदा वाचा आणि तसंच सोडा. पहिल्या खिडकीत सगळ्या १० ओळी पाच वेळा अपडेट करा, प्रत्येक वेळी पातळी एकने वाढवा. आता मुलांना विचारा, मृत प्रती किती? ५० म्हणणारी मुलं बरीच निघतात. 'व्हॅक्यूम व्हर्बोस' द्या. अहवाल म्हणतो, ५० मृत, पण काढता येत नाहीत. दुसऱ्या खिडकीत परत वाचा, तिथे अजून जुनीच पातळी! तिथे 'कमिट' करा, पहिल्या खिडकीत झाडू पुन्हा मारा. ५० काढल्या.

हुशार मुलं इथे अडवतात : दुसऱ्या खिडकीला तर फक्त पहिली प्रत हवी होती, मग मधल्या ४० का नाही काढल्या? प्रश्न बरोबर आहे. पोस्टग्रेस प्रत्येक प्रतीमागे कोणाला काय हवं ते तपासत नाही, सर्वांत जुना वाचक कोण एवढी एकच रेघ ओढतो आणि रेघेनंतर मेलेलं सगळं तसंच ठेवतो. आकडा अपडेट ५ ऐवजी ६ वेळा करून घेऊ नका, कारण ५२ ची मर्यादा ओलांडली की ऑटोव्हॅक्यूम मध्येच येऊन जाऊ शकतो आणि मग 'कमिट' नंतरच्या झाडूला काढायला कदाचित काही उरणार नाही.